चौतिसावा संदर्भ: रसायनशास्त्राच्या पेपरात स्रोत कसे द्यावेत

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मला ग्राफीन ऑक्साइड बनवायचं होतं. ज्या पेपरावरून मी काम सुरू केलं त्यात अख्खी कृती एका ओळीत होती: 'ग्राफीन ऑक्साइड सुधारित हमर्स पद्धतीने तयार केलं', आणि पुढे संदर्भ क्रमांक ३४. चौतिसावा संदर्भ उघडला. तिथेही तेच वाक्य, फक्त क्रमांक वेगळा. तो उघडला तर 'पूर्वी नोंदवल्याप्रमाणे'. असे चार पेपर ओलांडून मी हमर्स आणि ऑफमन यांच्या १९५८ च्या मूळ लेखापाशी पोचले. एका पानात मावणारा लेख. १०० ग्रॅम ग्रॅफाइट, ५० ग्रॅम सोडियम नायट्रेट, २.३ लिटर सल्फ्युरिक ॲसिड, ३०० ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट. सगळं स्वच्छ लिहिलेलं. 'सुधारणा' मात्र त्यात कुठेच नव्हती. मूळ लेखात ती असणारही नव्हती.

प्रमाण कमी करून मी तीच कृती तीन आठवडे करत राहिले. दर वेळी एक्सआरडीमध्ये, म्हणजे क्ष-किरण विवर्तनात, २६.५ अंशांजवळचा ग्रॅफाइटचा पीक जागच्या जागी. कण आतून कोरडेच राहत होते. ऑक्सिडीकरण बाहेरच्या थरापुरतं होत होतं. पुष्कळ शोधल्यावर कळलं की हा त्रास आधीच कुणाला तरी झाला होता आणि त्यावरचा उपायही छापून आला होता. कोव्हट्युखोवा आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये 'केमिस्ट्री ऑफ मटेरियल्स'मध्ये ग्रॅफाइटला आधी पोटॅशियम परसल्फेट आणि फॉस्फरस पेंटॉक्साइडची प्रक्रिया दिली होती, तीही नेमकी याच कारणासाठी. मी ज्या पेपरावर विसंबले होते त्यांनी बहुधा हीच पायरी वापरली होती. संदर्भ मात्र १९५८ कडे जाणाऱ्या साखळीचा दिला होता. माझ्या गाईडनी वही बघून एवढंच विचारलं, "मूळ लेख तू वाचलास. पण ज्यांनी तो संदर्भ दिला, त्यांनी वाचला होता का?"

त्यानंतर मी संदर्भाला कृतीचा भाग मानू लागले. किती ग्रॅम घेतलं, किती तापमान ठेवलं, हे जितकं नेमकं लिहायचं तितकंच नेमकं 'हे कुठून घेतलं' हेही लिहायचं. रसायनशास्त्रात तुमचा पेपर वाचणारा माणूस पुढच्या आठवड्यात तीच रसायनं हातात घेणार असतो. हमर्स आणि ऑफमन यांनी परमँगनेट घालताना तापमान २० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नये असं स्पष्ट लिहिलं आहे. संहत सल्फ्युरिक ॲसिडात परमँगनेटपासून मँगनीज हेप्टॉक्साइड तयार होऊ शकतं आणि त्याचा स्फोट होतो. 'सुधारित हमर्स पद्धतीने' या तीन शब्दांत ती २० अंशांची मर्यादा हरवून जाते. ज्याला चुकीच्या लेखाकडे पाठवलं त्याच्यापर्यंत ती पोचतच नाही.

म्हणून 'सुधारित' हा शब्द लिहायचाच असेल तर सुधारणा कुणाची आणि कोणती, ते लिहा. परसल्फेटची पूर्वप्रक्रिया केली असेल तर १९९९ चा लेख आणि त्यापुढच्या पायरीसाठी १९५८ चा, असे दोन वेगळे क्रमांक दोन वेगळ्या जागी द्या. सोडियम नायट्रेट वगळून सल्फ्युरिक आणि फॉस्फोरिक ॲसिडचं ९:१ मिश्रण वापरलं असेल, तर ती मार्कानो आणि सहकाऱ्यांची २०१० ची पद्धत आहे, 'एसीएस नॅनो'मधली. तिथे हमर्सचा एकटा संदर्भ चूक ठरतो. तुम्ही स्वतः काही बदललं असेल तर क्रमांकानंतर लगेच 'पुढील बदलांसह' लिहून बदल मांडा. आणि हे सगळं केलं तरी स्वतःची पूर्ण कृती प्रायोगिक भागात द्याच. संदर्भ दिला म्हणून कृती लिहायचं काम संपत नाही.

वहीत, त्याच दिवशी

संदर्भ पेपर लिहिताना गोळा करायचे असतात असं बहुतेक विद्यार्थी समजतात. मीही तसंच समजत होते. लिहायला बसेपर्यंत सहा महिने गेलेले असतात, आणि द्रावक कोणत्या पद्धतीने कोरडा केला होता, शुद्धीकरणाचा स्तंभ (कॉलम) कुणाच्या पद्धतीने चालवला होता, हे आठवणीवर सोडलेलं असतं. मग माणूस शोधयंत्रात पद्धतीचं नाव टाकतो आणि वर आलेला पहिला पेपर चिकटवतो. चुकीच्या साखळ्या इथेच सुरू होतात.

आता मी लॅब नोटबुकमध्ये प्रयोगाच्या तारखेखाली तीन गोष्टी लिहिते: लेखाचा डीओआय (त्याचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक), त्यातला नेमका भाग, आणि मी काय बदललं. 'नेमका भाग' म्हणजे पान, तक्ता, किंवा सपोर्टिंग इन्फॉर्मेशनमधला, म्हणजे पेपरासोबतच्या पुरवणीतला, संयुगाचा क्रमांक. नुसता डीओआय पुरत नाही. सपोर्टिंग इन्फॉर्मेशन १५० पानांचं असेल तर संयुग १२-ब ची कृती त्यात पुन्हा शोधायला अर्धा तास जातो, आणि पेपर लिहायच्या घाईत तो अर्धा तास कुणी देत नाही.

पेटंटमधून कृती घेतली असेल तर हे आणखी गरजेचं. पेटंटचा क्रमांक देशाच्या संकेताक्षरांसह लिहा, तारीख लिहा, आणि मजकुरात उदाहरणाचा क्रमांक द्या: 'उदाहरण ७ प्रमाणे'. एकाच शोधाची पेटंटं वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या क्रमांकांनी असतात. जे तुम्ही उघडून वाचलं त्याचाच क्रमांक द्यायचा.

कशाला संदर्भ हवा, आणि तो कोणत्या शब्दाला

बीअर-लँबर्टच्या नियमाला संदर्भ लागत नाही. पाठ्यपुस्तकात जे वादाविना येतं आणि तुमचा वाचक जे पदवीला शिकलेला असतो, ते तसंच लिहा. ज्या आकड्याशी तुम्ही तुलना करता, जी पद्धत उचलता, जो वर्णपट जुळवून बघता, जे सॉफ्टवेअर चालवता, आणि जो निष्कर्ष दुसऱ्याचा आहे, त्या प्रत्येकाला संदर्भ हवाच. एनएमआरच्या किमती जुन्या लेखाशी जुळल्या असं लिहिताना द्रावकही बघा. त्यांनी डीएमएसओमध्ये घेतलेला वर्णपट आणि तुम्ही क्लोरोफॉर्ममध्ये घेतलेला 'जुळला' असं म्हणता येत नाही.

खरी अडचण संदर्भ द्यायचा की नाही यापेक्षा तो नेमका कोणत्या विधानाला जोडायचा, ही असते. प्रकाश-उत्प्रेरणावरच्या पेपरांची प्रस्तावना बघा. 'टायटॅनियम डायऑक्साइड रंगद्रव्यांच्या विघटनासाठी प्रभावी आहे', आणि पुढे फुजिशिमा आणि होंडा, 'नेचर', १९७२. तो लेख दोन पानांचा आहे, वाचायला दहा मिनिटं लागतात. त्यात टायटॅनियम डायऑक्साइडचा इलेक्ट्रोड असलेल्या विद्युत-रासायनिक घटात प्रकाशाने पाण्याचं विघटन केलेलं आहे. सांडपाण्यातल्या रंगाबद्दल त्यात काही नाही. लेख मोठा आहे, पण तुमच्या त्या वाक्याचा तो पुरावा नाही. 'अर्धवाहक इलेक्ट्रोडवर प्रकाशाच्या मदतीने पाण्याचं विघटन १९७२ मध्ये दाखवलं गेलं' असं वाक्य असेल तर मात्र तोच संदर्भ हवा, दुसरा कुठलाही नको.

मी विद्यार्थ्यांचा मसुदा तपासते तेव्हा प्रत्येक क्रमांकाच्या आधीचं विधान झाकून ठेवते आणि विचारते, "या लेखात काय सापडलं, ते एका वाक्यात सांग." सांगितलेलं वाक्य आणि झाकलेलं विधान जुळलं नाही तर क्रमांक काढायचा किंवा विधान बदलायचं. 'या क्षेत्रात बरंच काम झालं आहे' आणि पुढे १ ते १५ असा गठ्ठा या कसोटीला कधीच उतरत नाही. तो फोडा. पॅलेडियमवरचे तीन 'पॅलेडियम' या शब्दापाशी, निकेलवरचे दोन 'निकेल'पाशी. उरतील त्यातले निम्मे तुम्ही वाचलेलेच नसतात, हे तेव्हा लक्षात येतं.

रिव्ह्यू लेख कधी द्यावा? विषयाची व्याप्ती सांगायची असेल तेव्हा जरूर द्या. सुझुकी जोडणीचं विहंगावलोकन म्हणून मियाउरा आणि सुझुकी यांचा 'केमिकल रिव्ह्यूज'मधला १९९५ चा लेख उत्तम. पण एखादा विशिष्ट लिगँड (धातूला जोडला जाणारा रेणू) कुणी प्रथम वापरला हे सांगताना रिव्ह्यूचा क्रमांक दिला, तर ज्याने ते काम केलं त्याचं श्रेय जातं, आणि रिव्ह्यूकाराने काही चुकीचं सांगितलं असेल तर ती चूकही तुमच्या नावावर लागते.

मूळ लेख हाती येत नसेल तर

अधिशोषणावर काम करणाऱ्यांना लागेरग्रेन हे नाव पाठ असतं, कारण अधिशोषणाच्या वेगाचं एक समीकरण त्यांच्या नावाने चालतं. त्यांचा १८९८ चा लेख जर्मन भाषेत, एका स्वीडिश अकादमीच्या नियतकालिकात छापलेला. तो न बघता इतक्या जणांनी त्याचा संदर्भ दिला, आणि नाव, नियतकालिक, पानं इतक्या तऱ्हांनी चुकवली, की युह-शान हो यांनी २००४ मध्ये 'सायंटोमेट्रिक्स'मध्ये त्या एका संदर्भाच्या चुकांवर स्वतंत्र लेख लिहिला. सिम्किन आणि रॉयचौधुरी यांनी २००३ मध्ये छपाईच्या एकसारख्या चुका किती जणांनी जशाच्या तशा उचलल्या यावरून गणित मांडलं, आणि संदर्भ देणाऱ्यांपैकी सुमारे २० टक्केच मूळ लेख वाचतात असा अंदाज काढला.

मूळ लेख मिळाला नाही तर दोन प्रामाणिक मार्ग आहेत. ज्या लेखात तुम्ही ते समीकरण खरोखर वाचलं, त्याचा संदर्भ द्या. किंवा मूळ लेख लिहून 'अमुक लेखात उद्धृत' असं जोडा. केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्समधला सारांशच वाचला असेल तर त्याचा खंड आणि क्रमांक जोडायची जुनी रीत आहे, ती पाळा. भाषेची अडचण असेल तर निदान लेखाचं पहिलं पान डोळ्यांनी बघा. नाव, वर्ष, खंड, पान तरी बरोबर जातील.

गणनेचे आणि स्फटिकांचे संदर्भ

इथे मला जरा थांबायचं आहे, कारण सर्वांत जास्त आंधळी नक्कल इथे होते.

डीएफटी गणनेत, म्हणजे रेणूंची ऊर्जा संगणकावर काढताना, 'बी३एलवायपी वापरलं' (हे त्यातलं एक प्रचलित सूत्र) असं लिहून बेकी यांचा १९९३ चा लेख देण्याची प्रथा आहे. तो लेख उघडला की दिसतं, त्यात तीन गुणांकांचं संकरित रूप आहे, पण सहसंबंधाचा भाग ली, यांग आणि पार यांचा नाही. तो त्यांच्या १९८८ च्या 'फिजिकल रिव्ह्यू बी'मधल्या लेखातला. आज आपण ज्याला बी३एलवायपी म्हणतो ती जुळणी स्टीफन्स आणि सहकाऱ्यांच्या १९९४ च्या 'जर्नल ऑफ फिजिकल केमिस्ट्री'मधल्या लेखात आली. म्हणून मी तिन्ही देते. शिवाय स्थानिक सहसंबंधाचा जो भाग व्होस्को, विल्क आणि नुसैर यांच्या १९८० च्या लेखातून येतो, त्याची वेगवेगळी रूपं वेगवेगळ्या प्रोग्रॅममध्ये वापरलेली आहेत. गाऊसियन आणि ऑर्का या दोन प्रोग्रॅममध्ये नुसतं 'बी३एलवायपी' लिहून चालवलं तर ऊर्जा तंतोतंत जुळत नाही. वाचणाऱ्याला तुमचा आकडा पुन्हा मिळवायचा असेल तर प्रोग्रॅमचं नाव आणि त्याची आवृत्ती दोन्ही हवीत. 'गाऊसियन १६' एवढं पुरत नाही, पुढची रिव्हिजनही लिहा. ग्रिम यांची डी३ दुरुस्ती वापरली असेल तर २०१० चा लेख, आणि त्यात बेकी-जॉन्सन डॅम्पिंग असेल तर २०११ चा लेखही.

स्फटिकरचनेत तर छोट्या अक्षराने मोठा घोळ होतो. स्फटिकरचनेसाठीचे शेलएक्स प्रोग्रॅम लिहिणाऱ्या शेल्ड्रिक यांचे दोन लेख २०१५ मध्ये आले: शेलएक्सटीवरचा 'ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका'च्या ए विभागात, आणि शेलएक्सएलवरचा सी विभागात. दोन्हींचा खंड ७१. दोन्हींची पानं ३ ते ८. फरक फक्त ए आणि सी या अक्षराचा. ते अक्षर टंकताना गळलं तर संदर्भ कुठला हे कुणालाच कळणार नाही. आणि दोन्ही प्रोग्रॅम वेगळी कामं करतात: एक रचना सोडवतो, दुसरा ती शुद्ध करत नेतो. शेलएक्सच्या इतिहासावरचा २००८ चा त्यांचा लेख इतका उद्धृत झाला की 'ॲक्टा'च्या ए विभागाचा प्रभावांक (इम्पॅक्ट फॅक्टर) २ च्या आसपासून एका झेपेत ४९ च्या वर गेला. तरीही तुम्ही २०१५ नंतरची आवृत्ती वापरली असेल तर २०१५ चेच लेख द्या. स्वतःच्या रचनेचा केंब्रिजच्या माहितीकोशातला सीसीडीसी क्रमांक मजकुरात लिहा. दुसऱ्याची रचना वापरली तर त्याच्या लेखाबरोबर त्याचाही क्रमांक द्या.

रूप: ठळक काय, तिरपं काय

रूपाबद्दल लोक फार घाबरतात. खरं तर तो सगळ्यात सोपा भाग आहे. नियतकालिकाच्या सूचना उघडून समोर ठेवायच्या आणि त्याच पाळायच्या.

हमर्सचाच लेख घेऊ. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या (एसीएस) रीतीने तो असा:

हमर्स, डब्ल्यू. एस., ज्यु.; ऑफमन, आर. ई. प्रिपरेशन ऑफ ग्राफिटिक ऑक्साइड. जे. ॲम. केम. सोक. १९५८, ८०, १३३९.

आडनाव आधी, दोन लेखकांमध्ये अर्धविराम, नियतकालिकाचं संक्षिप्त नाव तिरपं, वर्ष ठळक, खंड तिरपा. रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीच्या रीतीत आद्याक्षरं आधी आणि आडनाव नंतर, शेवटच्या दोन लेखकांमध्ये 'अँड', लेखाचं शीर्षक सहसा नाही, वर्ष साधं आणि खंड ठळक. म्हणजे दोन्हीकडे एक आकडा ठळक असतो, पण एकीकडे तो वर्ष आणि दुसरीकडे खंड. एका नियतकालिकाने नाकारलेला पेपर दुसरीकडे पाठवताना ठळकपणा हाताने बदलायला गेलात तर इथेच चूक होते. ते काम झोटेरो किंवा एंडनोटसारख्या सॉफ्टवेअरला करू द्या.

नियतकालिकाची संक्षिप्त नावं मनाने बनवू नका. केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स सर्व्हिसची 'कॅसी' नावाची शोधसूची आहे, तिथे बघा. एका शब्दाची नावं, म्हणजे नेचर, सायन्स, लँगम्युअर, टेट्राहेड्रॉन, कापत नाहीत. फ्रेन्स यांचा सोन्याच्या नॅनोकणांवरचा १९७३ चा लेख 'नेचर फिजिकल सायन्स'मधला आहे. 'नेचर'मधला नाही, आणि २००५ मध्ये सुरू झालेल्या 'नेचर फिजिक्स'मधला तर नाहीच. तो चुकीच्या नावाने दिलेला मी कितीदा पाहिला आहे. 'जर्नल ऑफ फिजिकल केमिस्ट्री' १९९७ मध्ये ए आणि बी अशा दोन भागांत विभागलं गेलं, २००७ मध्ये सी आलं. त्यामुळे १९९४ च्या संदर्भाला ए लावलेला दिसला तर समजा, कुणीतरी अंदाजाने लिहिलं आहे.

'अँगेवांड्टे केमी' दोन आवृत्त्यांत निघतं, जर्मन आणि आंतरराष्ट्रीय, आणि दोन्हींचे खंड वेगळे असतात, जुन्या लेखांची तर पानंही. कोल्ब, फिन आणि शार्पलेस यांचा क्लिक रसायनावरचा २००१ चा लेख आंतरराष्ट्रीय आवृत्तीत खंड ४०, पान २००४ ते २०२१. जर्मन आवृत्तीत खंड ११३, पान २०५६ ते २०७५. एकीचं नाव आणि दुसरीचा खंड असं मिश्रण झालं की लेख सापडत नाही.

जुन्या 'केमिकल कम्युनिकेशन्स'ला खंडच नसे, वर्षच खंडाचं काम करी. ब्रस्ट आणि सहकाऱ्यांचा सोन्याच्या कणांवरचा लेख १९९४, पान ८०१, इतकाच. सॉफ्टवेअर खंडाच्या जागी शून्य किंवा त्या वर्षातल्या अंकाचा (इश्यूचा) क्रमांक घालतं, तो काढून टाका. उलट, 'जर्नल ऑफ केमिकल फिजिक्स'सारख्या नियतकालिकांत आता पानांऐवजी लेखक्रमांक असतो. ग्रिम यांच्या २०१० च्या लेखाचा १५४१०४ हा आकडा पान नाही. तो जसाच्या तसा लिहायचा, त्यापुढे शेवटचं पान शोधत बसायचं नाही.

नावांच्या बाबतीत एकच सांगते: डाउनलोड केलेल्या नोंदीवर विश्वास ठेवू नका, पीडीएफचं पहिलं पान बघा. मोलर आणि प्लेसेट यांच्या १९३४ च्या लेखातल्या पहिल्या नावात डॅनिश ओ आहे, मधून तिरपी रेघ असलेला. साधा ओ टाकला की ते दुसरंच आडनाव होतं. चिनी, कोरियन, स्पॅनिश नावांत आडनाव कोणतं हे सॉफ्टवेअर बरेचदा उलटं करतं.

वर चढवलेल्या आकड्याचा धोका

मजकुरात संदर्भ वर चढवलेल्या आकड्याने द्यायची रीत रसायनशास्त्रात फार चालते, आणि रसायनशास्त्रातच ती सर्वांत धोकादायक आहे. एककाच्या संक्षेपापुढे संदर्भ ३ आला की सेंटीमीटरचे घन सेंटीमीटर होतात. दहापुढे संदर्भ ५ आला की दहाचा पाचवा घात होतो. धातूच्या चिन्हापुढे २ आला तर विद्युतभार वाटतो. म्हणून क्रमांक सूत्राला, एककाला किंवा आकड्याला कधीच चिकटवू नका. वाक्य असं फिरवा की तो एखाद्या शब्दानंतर किंवा लेखकाच्या नावानंतर येईल. एसीएसच्या रीतीत वर चढवलेला क्रमांक विरामचिन्हानंतर येतो. कंसातला तिरपा क्रमांक असेल तर तो पूर्णविरामाच्या आधी. क्रमांक मजकुरात ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने चढत गेले पाहिजेत. तक्ते आणि आकृत्यांच्या मथळ्यांत आलेले संदर्भही याच क्रमात मोजले जातात, आणि नेमके तेच विसरतात.

सॉफ्टवेअर काय बिघडवतं

एका मसुद्यात एका विद्यार्थिनीच्या यादीत कार्बन मोनॉक्साइडच्या ऑक्सिडीकरणावरचा लेख कोबाल्टच्या ऑक्सिडीकरणाचा झाला होता. तिने काही केलं नव्हतं. सॉफ्टवेअरने शीर्षकातली मोठी अक्षरं लहान करताना सी नंतरचा ओ लहान केला होता, आणि तसं लिहिलं की ते कोबाल्टचं चिन्ह होतं. लेटेक ही मजकूर-जुळणीची प्रणाली वापरत असाल तर सूत्रं, मूलद्रव्यांची चिन्हं आणि एनएमआर, डीएफटीसारखी लघुरूपं महिरपी कंसात घाला, म्हणजे ती बदलत नाहीत. झोटेरोत शीर्षक हाताने दुरुस्त करा. सूत्रांतले खाली उतरवलेले आकडे डाउनलोड करताना सपाट होतात. सिस, ट्रान्स, ऑर्थो, पॅरा हे तिरपे असतात ते सरळ होतात. हे सगळं नोंद आत घेतानाच, म्हणजे एकदाच दुरुस्त केलं तर पुढच्या दहा पेपरांना पुरतं.

डीओआय कापला जाणं हीही नेहमीची गोष्ट. क्लिक रसायनाच्या त्याच लेखाच्या डीओआयमध्ये गोल कंस, टोकदार कंस, अपूर्णविराम आणि शेवटी अर्धविराम आहे. कॉपी करताना अर्धविरामानंतरचं शेपूट गळतं. म्हणून अंतिम पीडीएफमधल्या प्रत्येक दुव्यावर टिचकी मारून बघा. लेख उघडला आणि तो तुमचाच लेख आहे, हे दोन्ही बघायचं.

नसलेले, मागे घेतलेले, बदललेले

'शास्त्रीय लेख लिहिण्याची कला' अशा अर्थाच्या शीर्षकाचा एक संदर्भ शेकडो पेपरांच्या यादीत छापला गेला आहे. असा लेखच अस्तित्वात नाही. लेखकांसाठीच्या सूचनांमध्ये नमुना म्हणून दिलेली ती ओळ होती. आता भाषा-प्रतिमानांना (चॅटजीपीटीसारख्या एआयला) संदर्भ मागितले की तीही अशाच ओळी बनवतात. आडनावं खरी, नियतकालिक खरं, खंड आणि वर्ष जुळणारे, डीओआयही १०.१०२१ ने सुरू होणारा, म्हणजे एसीएसचा वाटणारा; आणि लेख नाही. यादीत येणारी प्रत्येक ओळ उघडलेल्या लेखावरूनच आली पाहिजे. याला माझ्याकडे अपवाद नाही.

मागे घेतलेल्या लेखांसाठी, पेपर पाठवण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक लेखाचं पान पुन्हा उघडा. झोटेरो मागे घेतलेल्या नोंदी लाल पट्टीने दाखवतं, कारण ते अशा लेखांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचच्या माहितीकोशाशी जोडलेलं आहे. मागे घेतलेल्या लेखाबद्दल लिहिणं भागच असेल तर संदर्भातच तसं स्पष्ट लिहा. शुद्धिपत्र निघालं असेल आणि तुम्ही वापरलेला आकडा त्यात बदलला असेल तर शुद्धिपत्राचाही संदर्भ द्या. केमआर्काइव्ह या संकेतस्थळावरची पूर्वप्रत (समीक्षेआधीचा मसुदा) दिली असेल तर मधल्या काळात तिचा लेख छापून आला का ते बघा. आला असेल तर तो वाचून मगच क्रमांक बदला. समीक्षेत आकडे बदललेले असू शकतात.

राहिलेल्या दोन गोष्टी थोडक्यात. दुसऱ्याची आकृती घेताना संदर्भ देणं म्हणजे परवानगी घेणं नव्हे. प्रकाशकाची परवानगी वेगळी काढा आणि त्यांनी सांगितलेलं वाक्य मथळ्यात शब्दशः लिहा. आणि ज्या पद्धतीवर तुमचं काम उभं आहे तिचा संदर्भ फक्त सपोर्टिंग इन्फॉर्मेशनमध्ये ढकलू नका. तिथले संदर्भ उद्धरणांच्या मोजणीत सहसा धरले जात नाहीत, त्यामुळे ज्यांनी ती पद्धत बसवली त्यांना काहीच मिळत नाही. एखादा संदर्भ मुख्य पेपरात आणायला जागा नाही असं वाटलं, तर प्रस्तावनेतला गठ्ठा पुन्हा बघा.

पाठवण्याआधी मी एक शेवटची फेरी करते, दोन माणसांनी. एकीकडे छापलेली यादी, दुसरीकडे उघडलेले लेख. एक जण लेखाच्या पहिल्या पानावरून मोठ्याने वाचतो, दुसरा यादीवर खूण करतो. सुरुवात शेवटच्या संदर्भापासून, कारण शेवटाकडचे संदर्भ घाईत घातलेले असतात. मग मजकुरात तो क्रमांक कुठे आला ते शोधून त्याच्या आधीचं विधान वाचायचं. माझ्या मागच्या पेपरात ५२ संदर्भ होते. मला आणि माझ्या विद्यार्थिनीला दोन दुपारी लागल्या. चार चुका निघाल्या: एका आडनावातलं अक्षर, एक कापला गेलेला डीओआय, 'ॲक्टा'च्या पुढचा हरवलेला सी, आणि तिसाव्या संदर्भापाशी एक विधान, जे त्या लेखात नव्हतंच. ते विधान आम्ही काढून टाकलं.